साडेतीनशे ग्रॅमची मिकासा

दादानं खोकं उघडून दिलं तेव्हा आत मिकासा या युद्धनौकेच्या मॉडेलचं नुसतं धड होतं. दोन अर्धुकं जोडून मधला सांधा घासून गुळगुळीत केलेला, आणि सहा इंची तोफांपैकी सहा आपापल्या खिडक्यांत बसलेल्या. अशा तोफा एकूण चौदा. सातवीच्या खिडकीशी वाळलेल्या गोंदाचा ओघळ होता आणि त्याच्या बाजूला, राखाडी प्लास्टिकमध्ये, बोटाचा ठसा. मॉडेलचा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधतो. ओल्या गोंदावर बोट पडलं की रेषा न् रेषा उमटते आणि तशीच घट्ट होते.

"इथपर्यंत आलो," दादा म्हणाला. "पुढचं तू कर."

त्याचे हात तीन वर्षांपासून थरथरतात. गोळ्यांनी बराच फरक पडलाय. सही करता येते, कप धरता येतो. पण सतरा मिलिमीटरची तोफ चिमट्यात धरून खिडकीत सरळ बसवायची म्हणजे श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागतो, आणि ते आता त्याच्याच्यानं होत नाही. मी लहानपणापासून त्याच्या टेबलाशी उभी राहून बघत आले. प्रायमर कधी मारायचा, पॉलिश पेपर ओला करून का घासायचा, स्प्रूवरून, म्हणजे भाग जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, भाग काढताना आधी लांबून आणि मग जवळून असं दोनदा का कापायचं, हे सगळं मला कुणी न शिकवता येत होतं. स्वतःच्या हातानं मात्र एकही जहाज मी पुरं केलेलं नव्हतं. हे पहिलंच.

मिकासा ही जपानी आरमाराची युद्धनौका. नाव नारा शहराजवळच्या एका डोंगराचं, बांधणी मात्र इंग्लंडातली. बॅरो-इन-फर्नेस इथल्या विकर्स कंपनीच्या गोदीत १८९९ च्या जानेवारीत तिचं काम सुरू झालं, ८ नोव्हेंबर १९०० ला ती पाण्यात उतरली आणि १९०२ मध्ये जपानला पोचली. २७ मे १९०५ ला त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अ‍ॅडमिरल तोगो हेइहाचिरो यांनी तिच्याच ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या उंच मजल्यावर, उभं राहून रशियाच्या आरमाराचा धुव्वा उडवला. ड्रेडनॉट या नव्या धाटणीच्या इंग्रज युद्धनौकेच्या आधीच्या पिढीतल्या युद्धनौकांपैकी आज जगात उरलेली ती एकटीच. जपानमधल्या योकोसुकाच्या किनाऱ्यावर ती अजून उभी आहे.

किटचं प्रमाण १/३५०. दादाची एक जुनी सवय आहे. किट हाती आलं की दिसेल त्या गोष्टीला तो प्रमाणानं भागत सुटतो. खरी मिकासा १३१.७ मीटर लांब, म्हणजे आपली ३७.६ सेंटिमीटर. मुख्य तोफेचं तोंड १२ इंचांचं, म्हणजे आपल्याकडे एक मिलिमीटरही नाही. माणूस साडेचार मिलिमीटर. तिच्या कमरेला ९ इंच जाडीचा पोलादी पट्टा होता. ३५० नं भागलं तर ०.६५ मिलिमीटर. याचा अर्थ किटचं साधं प्लास्टिक त्या चिलखतापेक्षा जाड आहे. हे ऐकून मी बोटांत धरलेला हल, म्हणजे जहाजाचं ते धड, पुन्हा दाबून पाहिला. ज्या पट्ट्याच्या भरवशावर आठशेहून अधिक माणसं समुद्रात गेली, तो या मापात दोन-तीन पोस्टकार्डांएवढाच जाड भरतो.

"आणि वजन?" मी विचारलं.

"वजनाला तीनदा भागायचं," दादा म्हणाला. लांबी, रुंदी, उंची, तिन्हीकडून. पंधरा हजार टनांवर मिकासा होती. तीनदा भागल्यावर उत्तर येतं सुमारे साडेतीनशे ग्रॅम. तेवढं वजन भरलं तर हे मॉडेल पाण्यात बरोबर त्याच रेषेपर्यंत बुडेल जिथपर्यंत खरी बुडायची. त्या रात्री मला ही गोष्ट फार आवडली. पंधरा हजार टन पोलाद, कोळसा, दारूगोळा आणि माणसं, आणि ते सगळं एका तळहातावर तोलता येईल इतकं.

मॉडेल करायला बसलं की पहिला प्रश्न तारखेचा येतो. कुठल्या दिवशीचं जहाज? बाहेरच्या माणसाला वाटतं, मिकासा म्हणजे मिकासा. पण जहाज काही एकसारखं राहत नाही. तोफा बदलतात, रंग बदलतो, आज असलेली होडी उद्या नसते. १० ऑगस्ट १९०४ च्या पीत समुद्रातल्या लढाईनंतर करायची तर मागच्या बुरुजातली एक तोफ निकामी झालेली दाखवायला हवी. १९०८ नंतरची करायची तर मुख्य तोफाच नव्या. तारीख ठरवल्याशिवाय एकही भाग चिकटवता येत नाही, कारण चिकटवलेला प्रत्येक भाग 'हे त्या दिवशी होतं' असं म्हणत असतो.

दादाचं उत्तर तयार होतं. २७ मे १९०५, दुपारी दोनला पाच कमी. त्या मिनिटाला मिकासावर झेड निशाण चढलं. पिवळा, निळा, लाल, काळा असे चार त्रिकोण असलेलं ते निशाण. साम्राज्याचं भवितव्य या एका लढाईवर आहे, प्रत्येकानं पराकाष्ठा करावी, असा त्याचा आधीच ठरवलेला अर्थ होता. गोळीबार अजून सुरू व्हायचा होता. म्हणजे जहाज सज्ज, आणि अंगावर एकही ओरखडा नाही.

मग मी संदर्भ गोळा करायला लागले. आजकाल हे सोपं आहे. योकोसुकाच्या मिकासाचे शेकडो फोटो मिळतात, सगळ्या बाजूंनी, रंगीत, स्वच्छ उन्हातले. मी त्यातले चाळीसेक छापून टेबलासमोरच्या भिंतीवर लावले. धुराड्यांचे कडे, बुरुजांची दारं, होड्या टांगायचे आकडे, शिड्या. त्यांच्यावरून मी आठवडाभर मोजमापं घेत होते. आणि एका संध्याकाळी, तिच्या पुढच्या आयुष्याविषयी वाचता वाचता, थांबले.

युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टनच्या नाविक करारानंतर मिकासा आरमारातून निवृत्त झाली. करारातल्या देशांच्या संमतीनं तिला स्मारक म्हणून ठेवायचं ठरलं, अट एवढीच की ती पुन्हा कधी तरंगू नये. म्हणून तिचा तळ वाळू आणि काँक्रीटमध्ये पक्का बसवला आणि १९२६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि जपान हरला. विजयाची स्मारकं कुणाला नको होती. तिच्या तोफा, धुराडी, डोलकाठ्या, ब्रिज, सगळं काढून टाकलं गेलं. धातूचे भाग लोकांनी कापून नेले. डेकच्या सागवानी फळ्यासुद्धा जळणाला आणि बांधकामाला गेल्या. उरलेल्या ओक्याबोक्या धडावर कधी मत्स्यालय होतं, कधी नाचघर.

१९५५ मध्ये जॉन रुबिन नावाच्या एका व्यापाऱ्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहून तिच्या या दशेकडे लक्ष वेधलं. मिकासा जिथे जन्मली त्याच बॅरो गावचा तो माणूस. पॅसिफिकमध्ये जपानशी लढलेले अमेरिकी अ‍ॅडमिरल चेस्टर निमिट्झ यांनीही तिच्यासाठी आवाज उठवला. तोगोंविषयी त्यांच्या मनात तरुणपणापासून आदर होता. वर्गण्या जमल्या. २७ मे १९६१ ला, त्सुशिमाच्याच तारखेला, ती पुन्हा उभी राहिली. तोफा नव्या, म्हणजे तोफांच्या प्रतिकृती. धुराडी नवी, डोलकाठ्या नव्या. काही भाग चिलीच्या अल्मिरान्ते लातोरे या युद्धनौकेचे. तीही इंग्लंडातच बांधलेली, आणि नेमकी त्याच सुमाराला भंगारात निघून जपानला आलेली.

मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाकडे एक डबा असतो. जुन्या किटांमधले उरलेले भाग त्यात साठवलेले असतात: कुठल्यातरी क्रूझरची शिडी, कुठल्यातरी विनाशिकेचा नांगर. आपल्या जहाजात काही कमी पडलं की त्या डब्यात हात घालायचा. योकोसुकाच्या त्या कारागिरांनी वेगळं काय केलं? जुने आराखडे, जुने फोटो, आणि दुसऱ्या जहाजाचे उरलेले भाग. आज जी मिकासा बघायला लोक जातात, ती डेकच्या वर बरीचशी एक मॉडेलच आहे, एकास एक प्रमाणातलं. हे कळल्यावर मला फसवणूक झाल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट त्या अनोळखी हातांविषयी एकदम जवळीक वाटली. त्यांच्याही टेबलावर कृष्णधवल फोटो पडले असतील. त्यांनीही भिंग धरून, हा पट्टा इथे होता की तिथे, असा वाद घातला असेल.

पण माझं काम थांबलं होतं. भिंतीवरचे चाळीस फोटो उतरवून मी त्यांचे दोन गठ्ठे केले: एकात १९०५ ची साक्ष देऊ शकणारे, दुसऱ्यात १९६१ ची. पहिल्या गठ्ठ्यात बहुतेक हलचेच फोटो उरले. हल अस्सल आहे. बॅरोच्या लोहारांनी ठोकलेलं ते पोलाद अजून तसंच आहे. दादा माझ्या शेजारी बसून गठ्ठे लावत होता. फोटो त्याच्या हातात फडफडत होते, पण निवाडा करताना तो एकदाही चुकला नाही.

त्याच्या हातचा हल बघताना मला आणखी एक गोष्ट सुचली. पाण्याखालचा तो लाल भाग, पुढे आलेली टक्कर मारायची नाळ, गोल होत जाणारं पोट, दोन पंख्यांचे दांडे. खऱ्या मिकासाचा हा सगळा तळ १९२६ पासून वाळूत आणि काँक्रीटमध्ये गाडलेला आहे. तिच्या शेजारी उभं राहिलं तरी तो दिसत नाही. आमच्या टेबलावर मात्र ती उताणी पडलेली होती आणि दादानं लावलेल्या लाल रंगाचा एक सलग, डाग नसलेला थर उजेडात चमकत होता.

रंगाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यानं मला फार छळलं. युद्धकाळात जपानी जहाजं गडद राखाडी असायची, एवढं नक्की. पण राखाडी म्हणजे कोणता? त्या काळच्या फोटोंच्या काचा लाल रंगाला काळा आणि निळ्याला जवळपास पांढरा दाखवत, त्यामुळे जुन्या फोटोतल्या करड्या छटेवरून खरा रंग ताडणं म्हणजे सावलीवरून कापडाचा पोत ओळखण्यासारखं. शिवाय लहान वस्तूवर खरा रंग जसाच्या तसा लावला तर तो जास्तच काळा दिसतो. लांबचं जहाज आपण नेहमी हवेतून बघतो, आणि हवा रंग फिका करते. म्हणून मॉडेलवर रंग थोडा पांढरा मिसळूनच मारायचा. मी सात छटा करून प्लास्टिकच्या तुकड्यांवर मारल्या. दादानं चौथी निवडली. मला तिसरी आवडली होती. चौथीच मारली.

आता कठडे. १/३५० मध्ये कठडा प्लास्टिकचा करता येत नाही, फार जाड होतो. त्यासाठी पितळेचा पत्रा आम्लात खाऊन काढलेले भाग मिळतात, सगळे त्याला फोटो-एच म्हणतात. केसाएवढ्या बारीक उभ्या काड्या आणि तीन आडव्या रेघा. तो पट्टीवर दाबून वाकवायचा, सुईच्या टोकावर सुपरग्लूचा थेंब घ्यायचा, टेकवायचा, आणि दहा मोजेपर्यंत हलायचं नाही. गोंद जरा जास्त झाला की आजूबाजूच्या रंगावर पांढुरकी वाफ धरते. पहिल्या आठवड्यात माझी तशी वाफ तीनदा धरली आणि तिन्ही वेळा तो भाग सोलून नव्यानं रंगवावा लागला.

एकदा ब्रिजची शिडी चिमट्यातून उडाली. सात मिलिमीटरची पितळी शिडी. सुटे भाग उडतात तेव्हा टिक असा एक बारीक आवाज येतो आणि नंतर कुठेच पडल्याचा येत नाही. मी जमिनीवर गाल टेकवून अर्धा तास शोधत होते. मग दादा खाली बसला, खोलीतले दिवे घालवले आणि टॉर्च जमिनीला समांतर धरला. त्याच्या हातात उजेड स्थिर राहीना. सगळ्या फरशीवर तो उजेड थरथरत होता, आणि त्या थरथरीनंच टेबलाच्या पायाशी एक पिवळा ठिपका लुकलुकला. स्थिर उजेडात मी तिथून चार वेळा नजर फिरवली होती.

ब्रिजवर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. त्सुशिमाच्या दिवशी तोगो चिलखती कोठडीत गेले नाहीत. तिच्या भिंती १४ इंच जाड होत्या, अधिकारी आत चला म्हणून विनवत होते, पण ते वरच्या उघड्या ब्रिजवरच उभे राहिले. बरोबर चीफ ऑफ स्टाफ काटो तोमोसाबुरो आणि लढाईचा आराखडा आखणारे अकियामा सानेयुकी. या प्रसंगाचं जपानमध्ये फार गाजलेलं चित्र आहे. त्यात ब्रिजच्या कठड्याभोवती पांढरट जाडजूड गुंडाळ्या बांधलेल्या दिसतात. मला आधी त्या दोरखंडाच्या वाटल्या होत्या. त्या खलाशांच्या झोळ्या आहेत. रात्री ज्यात झोपायचं त्याच कॅनव्हासच्या झोळ्यांच्या वळकट्या करून, गोळ्यांच्या ठिकऱ्या अडाव्यात म्हणून, लढाईच्या दिवशी ब्रिजला गुंडाळायच्या.

किटमध्ये त्या एका सलग नक्षीसारख्या कोरलेल्या होत्या. ते मला पटेना. इपॉक्सी पुट्टीची शेवयांसारखी बारीक सुतं वळली, अर्धवट वाळू दिली, मग चार-चार मिलिमीटरचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यावर ब्लेडच्या पाठीनं तीन ठिकाणी हलकेच दाबलं, म्हणजे दोरीनं आवळल्यासारखी खोक पडते. वाळल्यावर कच्च्या कापडाचा पिवळसर पांढरा रंग, आणि खोकांत पातळ तपकिरी. एका बैठकीत आठ-दहा व्हायच्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार टाकाव्या लागायच्या. महिनाभर मी संध्याकाळी दुसरं काही केलं नाही. प्रत्येक वळकटी म्हणजे एका माणसाचं अंथरूण. ती वळताना मी त्या माणसाचा विचार करत असे. सकाळी उठून त्यानं ती गुंडाळली असेल, ब्रिजवर चढवायला दिली असेल आणि खाली आपल्या जागेवर गेला असेल. रात्री ती त्याला परत मिळाली असेल का?

माणसांचा प्रश्न त्याच्यामागोमाग आला. साडेचार मिलिमीटरची माणसं विकत मिळतात, शंभर-शंभरच्या पट्टीत. मी दोन पट्ट्या आणल्या होत्या. डेकवर माणसं असली की जहाज जिवंत वाटतं, असं मला वाटायचं. दादानं विचारलं, "दोनला पाच कमी. डेकवर कोण असेल?"

जवळजवळ कुणीच नाही. लढाईच्या तोंडावर मोकळ्या डेकवर थांबणं म्हणजे मरण. तोफची बुरुजांत आणि तोफांच्या खणांत, दारूगोळेवाले कोठारांत, आणि त्यांच्याही खाली पंचवीस बॉयलरांसमोर कोळसा ओढणारे. ब्रिजवर मूठभर, निशाणांपाशी दोघेतिघे. आठशेहून अधिक माणसांमधली मी अकरा उभी केली. जितकं खरं करावं तितकी माणसं कमी होत गेली. बाकीची सगळी त्या पोकळ प्लास्टिकच्या आत आहेत, जिथे काहीच नाही. वरचा डेक कायमचा चिकटवण्याआधी मी आत एकदा टॉर्च मारून पाहिला. नुसत्या राखाडी भिंती आणि दादानं मजबुतीसाठी घातलेल्या दोन आडव्या पट्ट्या.

त्या दिवसांत माझ्या डोक्यातून दुसरी एक तारीख जात नव्हती. ५ सप्टेंबर १९०५ ला तह झाला, युद्ध संपलं. पुढच्या सहा दिवसांत, ११ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर, सासेबो बंदरात नांगरून उभ्या असलेल्या मिकासाच्या मागच्या दारूकोठारात स्फोट झाला आणि ती बंदरातच तळाला बसली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्सुशिमाच्या अख्ख्या लढाईत जपानचे जेवढे लोक मेले, त्याच्या दुपटीहून जास्त. तीसहून अधिक गोळे अंगावर घेऊन जी तरंगत राहिली, ती शांततेच्या काळात, आपल्याच बंदरात बुडाली. १९०६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात ड्रेडनॉट पाण्यात उतरली आणि एका दिवसात जगातल्या सगळ्या युद्धनौका जुन्या झाल्या, तेव्हा मिकासा सासेबोच्या चिखलात होती. ऑगस्टमध्ये तिला वर काढलं. दुरुस्त होऊन ती १९०८ मध्ये आरमारात परतली.

त्या अडीचशेंमधले कितीतरी जण २७ मेला तिच्यावर असणार. माझ्या वळकट्यांमध्ये त्यांच्याही वळकट्या असणार. आणि रशियाची माणसं? सात महिने, अठरा हजार सागरी मैलांचा प्रवास करून ती त्सुशिमाला आली होती. बाल्टिकमधून निघून, आफ्रिकेला वळसा घालून, मादागास्करला दोन महिने अडकून. चार हजारांहून अधिक त्या दोन दिवसांत बुडाली. त्यांचं एकही जहाज माझ्या टेबलावर नाही. विजयाच्या क्षणाचं मॉडेल करताना समोरची बाजू टेबलाबाहेरच राहते, हे मला टोचत राहिलं. दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं आपल्या सवयीप्रमाणे भागाकार केला.

"आपले तोगो जहाजांची रांग घेऊन वळले तेव्हा रशियन आरमार साधारण आठ हजार मीटरवर होतं," तो म्हणाला. "आपल्या मापानं तेवीस मीटर. ते तिथे आहे. टेबलावर कशाला हवं?"

सगळ्यात शेवटी दोऱ्या. दोर २० मिलिमीटरचा धरला तर आमच्या मापात तो ०.०६ मिलिमीटर येतो, म्हणजे साधारण केसाइतका. इतका बारीक दोरा मेणबत्तीवर तयार होतो. किटच्या रिकाम्या स्प्रूचा तुकडा दोन्ही हातांत धरून ज्योतीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत ठेवायचा. आधी तो चकाकतो, मग मधोमध लवायला लागतो. तेवढ्यात ज्योतीपासून बाजूला काढायचा, एक क्षण थांबायचं आणि ओढायचा. हळू ओढला तर सुतळी, झटकन ओढला तर कोळिष्टक. ओढून हात तसेच ताणून धरायचे, थंड होईतो. पंधरा-वीस धागे वाया गेल्यावर हाताला वेळ कळायला लागते. धागा डोलकाठीला लावल्यावर थोडा सैल पडला तर पेटत्या उदबत्तीचं टोक त्याच्या जवळ, न टेकवता, नेलं की तो आपोआप आखडतो आणि ताठ होतो. जवळ म्हणजे किती, ते शब्दांत सांगता येत नाही. दादा माझ्या खांद्यामागून नुसतं "हं... हं... बास" म्हणायचा. त्या "बास"वर मी एकोणतीस दोऱ्या ताणल्या. तिसावी जळली, ती पुन्हा केली.

एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पुढे ढकलत आणली होती. सातव्या खिडकीशेजारचा ठसा. बाकीच्या आठ तोफा बसल्या, पण त्या बाजूचा शेवटचा रंग मी मारत नव्हते. प्रायमरच्या पातळ थरातून तो आणखीच उठून दिसायचा, प्रत्येक रेष मोजता येईल असा. दादाच्या लक्षात आलं.

"तो घास," तो म्हणाला.

"राहू दे ना. कुणाला कळणार आहे?"

"तो सत्तावीस मेचा नाही."

मी हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवला. दहा मिनिटं लागली. ओल्या कागदावर राखाडी लगदा जमत गेला, मी तो धूत गेले. मग बोटानं चाचपलं, भिंगातून पाहिलं, आणि प्रायमरचा हात मारला. हल सपाट होता, बॅरोहून आला तसा. दादानं मान डोलावली. त्या रात्री मी पुढे काही केलं नाही.

झेड निशाण कागदाचं केलं. सिगारेटच्या पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी रंगवलेले चार त्रिकोण, मग भिजवून पेन्सिलीच्या टोकावर लाटेसारखे वळवलेले. त्या सकाळी अकियामांनी मुख्यालयाला पाठवलेल्या तारेत एक ओळ जोडली होती: हवा स्वच्छ आहे, पण लाटा उंच आहेत. म्हणजे वारा होता. निशाण फडफडतं हवं. चार वेळा केलं. चौथं दादानं पास केलं. ते दोरीला मी लावलं तेव्हा दुपार होती. घड्याळात दोन वाजायला बराच अवकाश होता आणि आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही, पण थांबलो मात्र.

वजन केलं. तीनशे दहा ग्रॅम भरलं. चाळीस ग्रॅम कमी. "कोळसा कमी भरलाय," दादा म्हणाला, आणि तळाच्या भोकातून मी शिशाच्या छऱ्यांची पुडी आत सरकवून भोक बुजवलं.

मग मी मोजपट्टी घेतली. टेबल खिडकीशी आणलं, मिकासा खिडकीत, नाळ डावीकडे. दादा तिच्या शेजारी खुर्चीत बसला. मी बाहेर पडले आणि भिंतीपासून मोजत गेले. पाच, दहा, पंधरा. वीसच्या पुढे गवत होतं. तेवीसवर पोचून मी वळले.

डाव्या अंगाची ती बाजू पूर्ण माझ्याकडे होती. एवढ्याशा, करंगळीएवढ्या काळ्या रेघेवर दोन धुराडी. दोऱ्या नाहीत, कठडे नाहीत, वळकट्या नाहीत. ब्रिज म्हणजे एक टिंब. त्या रेघेवर अकरा माणसं आहेत हे मला माहीत होतं म्हणून मी शोधत राहिले. आठ हजार मीटरवर दुर्बिणीला डोळा लावून उभ्या असलेल्या रशियन तोफच्याला याहून फार जास्त दिसलं नसेल. त्या रेघेनं वळायला सुरुवात केली, आणि तिच्यामागची प्रत्येक रेघ त्याच ठिकाणी येऊन वळणार आहे, एवढं मात्र त्याला दिसलं असेल. समोर उभी ती आणि इथे उभा तो, दोघांच्या मध्ये नुसतं पाणी आणि उंच लाटा.

खिडकीत दादानं हात वर केला. तो हलत होता, पण तेवीस मीटरवरून ते निशाणासारखंच वाटत होतं.

"झेड दिसतंय का?" त्यानं ओरडून विचारलं.

मी डोळे बारीक केले. वाऱ्यानं पडदा हलला, ऊन सरकलं, आणि पुढच्या डोलकाठीपाशी रंगाचं काहीतरी क्षणभर लुकलुकलं.

"दिसतंय," मी ओरडून सांगितलं, आणि तिथेच आणखी थोडा वेळ उभी राहिले.